अकरा घरांची जमुना

जमुना, तू गेलीस आणि तुझी फाईल मोकळी झाली.

हे वाक्य मी दसऱ्यानंतर लिहिलं होतं, मग खोडलं. आता दिवाळी उलटली आहे आणि सुरुवात करायला मला तेच सापडतं आहे. विभागीय कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर ते इतकं उघडं म्हटलं नव्हतं. तांड्यातल्या बचत गटाचे कागद मी लिहून दिले होते म्हणून माझा नंबर त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, "आता मॅडमच नाहीत, त्यामुळे तो मुद्दा उरत नाही." त्यांना वाईट वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. फोन ठेवून मी वाचनालयाच्या खिडकीशी उभी राहिले. ज्या मुद्द्यावर आपण दोघी भांडलो, ज्याचं भांडण अर्ध्यावर टाकून तू चहा यायच्या आधीच उठून गेलीस, तो तुझ्या जाण्यानं एका ओळीत मिटला होता. मला तो असा मिटायला नको होता.

मला दारव्ह्याचं आपलं वसतिगृह आठवतं. बाजाराच्या दिवशी फाटकाशी भेटायला येणाऱ्यांची गर्दी व्हायची. माझ्यासाठी बाबा यायचे, कधी आई. तुझ्यासाठी दर बाजाराला वेगळीच बाई. एकदा तांड्याच्या प्रमुखाची, म्हणजे नायकाची बायको सीताबाई, एकदा धुरपती, एकदा कोणी तिसरीच, हातभर बांगड्या आणि फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी. प्रत्येक बाई अधीक्षिकाबाईंना सांगायची, "मी जमुनाची याडी." याडी म्हणजे आई, एवढं तोवर बाईंनाही कळलं होतं. एक दिवस त्या चिडल्या. "ए पोरी, तुला आया किती आहेत?"

तू शांतपणे म्हणालीस, "तांड्यात हायेत तेवढ्या, बाई."

त्या दिवशी खोलीत मी हसले, तू नाही हसलीस. तुला जन्म देणारी तू चालायला लागायच्या आधीच गेली होती. कोणाच्या घरी दूध होतं, कोणाच्या घरी निजायला जागा होती, त्या हिशेबानं तू मोठी झालीस. हे तू मला फार नंतर सांगितलंस, तेही तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

पुढं मी पुस्तकांत गेले, तू बँकेत. या भागासाठीच काढलेली ग्रामीण बँक, तिच्यात तू खिडकीवर बसलीस आणि परीक्षा देत देत शाखाधिकारी झालीस. आपलं मोठं भांडण तेव्हापासूनचं आहे. मी म्हणायची, बँकेला गावाचं भलं कळत नाही, हप्ता कळतो. तू म्हणायचीस, "हप्ता समजला तरच भलं टिकते, पुस्तके." मला तू पुस्तकेच म्हणायचीस. मी विचारायची, तुमची बँक गावात येते ती गावासाठी की ठेवींसाठी? तू म्हणायचीस, "दोन्हीसाठी. उपाशी बँक कोनाले काय देन?"

विकास हा शब्द तुला आवडत नसे. उद्घाटनाच्या पाटीवर तो ठीक आहे, म्हणायचीस. केळापूरकडे असताना तू एका बाईला पिठाच्या चक्कीसाठी कर्ज दिलंस. तिथल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या पोरी दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जायच्या, त्यांचा शाळेचा दिवस त्यातच जायचा. चक्की लागली आणि पोरी शाळेत दिसायला लागल्या. तू मला फोन करून म्हणालीस, "कर्ज चक्कीचं होतं. पोरी वाढल्या थे म्या कोन्त्या रकान्यात लिहू?" मी म्हणाले, रकानाच नाही म्हणजे तुमच्या बँकेला ते दिसलंच नाही. तू म्हणालीस, "मले दिसलं न. मी बँकच होय."

तुझी कामाची एक रीत मी कधीच विसरणार नाही. कर्ज मागणाऱ्याला बाकीचे अधिकारी विचारतात, जमीन किती, जामीन कोण. तेही तू विचारायचीस. पण तुझा पहिला प्रश्न वेगळा असायचा. "माघात घरी कोन राह्यते?" कारण दारव्हा-नेरच्या पट्ट्यात माघात अर्धी घरं बंद असतात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि माणसं ऊस तोडायला निघून जातात, पोरं त्यांच्याबरोबर. तूर खळ्यावर येते तेव्हा गावात म्हातारी माणसं तेवढी असतात. ज्या घरी माघात कोणी नाही त्या घरी मशीन देऊन ते गंजेल, असं तू म्हणायचीस.

आणि त्याच प्रश्नातून डाळ मिलची गोष्ट निघाली. तांड्यातल्या अकरा बायकांचा बचत गट होता. त्यांनी आधी शेळ्यांचं कर्ज घेऊन फेडलं होतं, मग शिलाई मशीनचं. सीताबाई एकदा शाखेत येऊन तुला म्हणाल्या, "आमचीच तूर आम्ही बाजारात इकतो, अन त्याच बाजारातून डाळ इकत आनतो. मधातलं काम कोन करते? थे आम्ही काहून नाही करू?" मशीन असेल तर माघात काम असेल. काम असेल तर ट्रकवर चढायला नको, पोरांची शाळा सुटायला नको. हे मला सांगताना तुझे डोळे कसे झाले होते ते मी पाहिलं आहे. पण तू सावधही होतीस. गेमीकाकी, तुझ्या वडिलांच्या भावाची बायको, तांड्यातली तुझी एकुलती एक घरची माणूस, तिला तू गटाच्या बाहेर ठेवलंस. हा माझाच तांडा आहे हे वर कळवलंस. तपासणी दुसऱ्यानं करावी असंही तूच सुचवलंस.

भाद्रपदात तपासणीला विभागीय कार्यालयातले ते साहेब आले. तरुण, नम्र, काम नीट करणारे. लिंबाखाली खुर्ची टाकून त्यांनी एकेकीला विचारलं, शाखाधिकारी मॅडम तुमच्या नात्यातल्या आहेत का?

"हो जी," सीताबाई म्हणाल्या. "हमार छोरी छ. आमची पोर हाये."

साहेबांनी लिहून घेतलं. मग धुरपतीला विचारलं.

"माही बी पोर हाये."

"म्हणजे तुम्ही दोघी बहिणी?"

"कायची बहीन, साहेब. हे तर माही वैरीन हाये, पान्याच्या नंबरावरून रोज भांडते. पन पोर दोघीइची."

अकराही जणींनी हेच सांगितलं. त्यांना वाटलं, पोरीचा मान वाढेल. साहेबांनी जे ऐकलं ते अहवालात लिहिलं, आणि वरून अट आली. सर्व सभासदांनी आणि तांड्याच्या नायकांनी लेखी द्यावं की शाखाधिकारी आमच्या नात्यात नाहीत. नाही तर प्रस्ताव दुसऱ्या शाखेकडे जाईल आणि पुढच्या हंगामात बघू. पुढचा हंगाम म्हणजे या वर्षी ट्रक. सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं होतं.

तू तो निरोप घेऊन माझ्याकडे वाचनालयात आलीस. मी तुला चहा सांगितला आणि मला जे सरळ दिसत होतं ते म्हणाले.

"मग द्या लिहून. खरंच आहे ते. रक्ताचं तुझं तिथं कोणी नाही. गेमीकाकी तेवढी घरची, आणि ती गटात नाही."

"रक्ताचं कोन इचारून राह्यलं?"

"बँक."

"बँक इचारन. पन नायकाची सही पाह्यजे म्हंजे नसाब बसन." नसाब म्हणजे तांड्याची बैठक, हे तू मला पूर्वी सांगितलं होतंस. "नसाबसमोर एकेक बाई उभी राहून म्हनन, जमुना आमची कोनी नाही. हे काय होते थे तुले समजते का?"

मला समजत नव्हतं. मग तू सांगितलंस. तुझ्या लहानपणी एका माणसाला तांड्यानं असंच म्हटलं होतं. त्यानं काय केलं होतं ते तू बोलली नाहीस. त्याच्या घरी कोणी विस्तव दिला नाही, त्याच्या हातचं पाणी कोणी घेतलं नाही, आणि तो गेला तेव्हा खांदा द्यायला माणसं बाहेरून आणावी लागली.

"पण हा नुसता कागद आहे, जमुना. निवाडा नाही."

"तुह्यासाठी कागद. त्याइच्यासाठी लिहिनं अन बोलनं येकच हाये. म्हनूनच तर त्या बायका हप्ता चुकवत नाहीत. थे तुले चालते, अन हे नाही चालत?"

"मग जाऊ दे अकरा घरं ऊस तोडायला," मी म्हणाले. "तुझी माणसं तुला राहतील."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पर्स उचललीस. "पुस्तकातून डोकं काहाड कवा," एवढंच म्हणालीस आणि गेलीस. चहा आला तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

जमुना, मी चूक बोलले असं मला अजून पूर्ण वाटत नाही, आणि हे तुला सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही. एका बाजूला एक शब्द होता, दुसऱ्या बाजूला अकरा घरांची मुलं. मी मुलांच्या बाजूला उभी होते. तूही त्यांच्याच बाजूला होतीस, हे मला त्या दिवशी दिसलं नाही, कारण तू ते बोलली नाहीस. आपलं असं नेहमी व्हायचं. मी सगळं बोलून मोकळी व्हायचे आणि तू उठून काहीतरी करायला जायचीस.

तू काय करायला गेलीस ते मला तुझ्या मातीच्या दिवशी कळलं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शाखेतच तुझी शुद्ध हरपली. यवतमाळच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तू ओळखण्यापलीकडे गेली होतीस. तुझा हात गरम होता. मी त्या हाताला माझी बाजू पुन्हा एकदा समजावून सांगत बसले, हलक्या आवाजात, शेजारच्या खाटेवरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नर्सनं येऊन मला बाहेर बसायला सांगितलं.

तांड्यात तुला आणलं तेव्हा अंगण भरलं होतं आणि तरी कोणी पुढं होत नव्हतं. पुरुष एका बाजूला उभे, बायका दुसऱ्या बाजूला, सगळे नायकांकडे बघत होते. मी सीताबाईंना विचारलं, काय झालं, थांबले कशाला? त्यांनी मला भिंतीकडे ओढलं.

"पोर आलती दसऱ्याच्या आंधी," त्या म्हणाल्या. "नसाब बसवा म्हने. मंधात उभी राह्यली अन म्हने, मले सोडा. तुमच्या एका सहीनं मशीन येते, त मले सोडा, मी काही म्हननार नाही."

"मग?"

"नायक म्हने, आम्ही ज्याले सोडलं त्याची मौत आम्ही पाह्यली हाये. इचार करू द्या. दसरा होऊ द्या." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "दसरा झाला. बैठक बसाचीच होती. पोरीनं मांगतलं थे अजून तसंच हाये नसाबपुढं. आता कोन काय करन, मले नाही माहीत."

मला तेव्हा समजलं की तू स्वतःला तांड्यातून काढायला सांगून आली होतीस, आणि तांड्यानं तुला अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तुला खांदा द्यायचा की नाही, हे तूच त्यांच्या हातात देऊन गेली होतीस. मी पुस्तकात पुष्कळ मोठी माणसं वाचली आहेत. इतकी वेडी वाचलेली नाही.

नायकांनी डोक्याचा फेटा सारखा केला, पुढं आले, वाकले आणि पहिला खांदा दिला. मग माणसं धावली. शिवेपर्यंत बायका तुझ्याबरोबर चालल्या, धुरपती मोठ्यानं रडत होती आणि सीताबाईंनी तिचा दंड धरला होता.

त्यानंतर तो फोन. मुद्दा उरत नाही. फक्त पुन्हा एकदा येऊन विचारावं लागेल, साहेब म्हणाले, नियमच आहे. दिवाळीच्या आधी आले, तेव्हा मीही तांड्यात गेले. पुन्हा तीच लिंबाखालची खुर्ची. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, बँकेत त्यांच्या नात्यातलं कोणी आहे का, एवढंच विचारायचं आहे. त्यांनी नाही म्हणावं. आता ते खरंही आहे."

मी बायकांना जाऊन तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कोणी मान हलवली नाही.

साहेबांनी धुरपतीपासून सुरुवात केली. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"मांग आलते तवा सांगतलं थेच, साहेब," ती म्हणाली.

"पण मॅडम तर आता..."

"व्हय. आम्हीच नेलं न तिले."

"मग नाही असंच लिहायचं ना?"

"मेल्यावर कोनाची पोर बदलते का?" धुरपती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "तिनं सोता मांगतलं तवा बी आम्ही म्हटलं नाही का हे आमची नाही. आता तिच्यामांग म्हनू?"

मला उठून सांगावंसं वाटलं की अहो, एक शब्द आहे, द्या टाकून, पोरांकडे बघा. मी उठले नाही. सीताबाई म्हणाल्या, "राहू द्या मशीन, साहेब. ऊस हाये."

साहेबांनी कागद मांडीवर उलटा ठेवला.

"एक वेगळं विचारतो," ते म्हणाले. "तुमच्यातल्या एकीला हप्ता जमला नाही, तर काय कराल?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, असं कोणी विचारतं का, अशा. सीताबाई म्हणाल्या, "तिच्या घरी चूल पेटली का नाही थे बी आम्हीच पाहतो. हप्ता कोनती मोठी गोठ हाये?"

"आणि माघात घरी कोण राहणार?"

जमुना, तुझा प्रश्न त्यांच्या तोंडी ऐकून मी चमकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडमच्या प्रत्येक प्रस्तावात असायचा," ते म्हणाले. "आम्हाला आधी वाटायचं, हे कशाला."

आठ हात वर झाले. तिघींचे नाही. त्या तिघींच्या घरांनी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन टाकली होती, आणि त्यांत धुरपतीही होती. साहेबांनी तेही लिहिलं. जाताना मला म्हणाले, "नातं आहे असंच लिहितो. कसलं आहे तेही लिहितो. जी बाई मेलेल्या पोरीला नाही म्हणत नाही, ती शेजारणीचा हप्ता बुडू देणार नाही, असं माझं मत मांडतो. वर काय म्हणतील ते सांगता येत नाही. मी नवीन आहे."

भाऊबीज झाली आणि ट्रक आला. वरून काही कळलं नव्हतं. मी सकाळी मुद्दाम गेले होते. मुकादम उतरून ओरडत होता, आठ घरांच्या नावानं, आता नाही आले त पुढं नेनार नाही म्हने. आठ घरं दारात उभी होती, कोणाचं पोर शाळेच्या गणवेशात, आणि कोणाच्याही हातात कसला कागद नव्हता. तू असतीस तर रागावली असतीस. मंजुरी नाही अन बसल्या घरी, म्हणाली असतीस. मग मी त्यांची बाजू घेतली असती, निव्वळ तुझ्याशी भांडायचं म्हणून. धुरपती दोन पोरांना घेऊन मागच्या फळीवर चढली. तिनं हात केला नाही. सीताबाई ट्रकमागं थोडं चालल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मुडद्या, लवकर ये वापस, पान्याचा नंबर तुहाच ठेवतो." वैरिणीला त्या असंच बोलतात.

परवा बाजाराचा दिवस होता. मी वाचनालयात नवीन पुस्तकांवर शिक्के मारत होते. बाहेर शिपायाचा आवाज आला, बाई, आत जाता येणार नाही, कार्ड आहे का, आणि त्याच्यावर चढलेला सीताबाईंचा, थेट दारातून माझ्या नावानं.

"अवं मंगल, झालं पाय मंजूर. साहेबाचा फोन आलता नायकाले. आठ जनीइचं झालं, तिघी आल्या का त्याइले घ्याचं म्हने. पाया खंदून राह्यले तिकडं."

वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. सीताबाईंच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, वसतिगृहाच्या फाटकाशी असायच्या अगदी तशाच. शिपाई अवघडला. त्यानं आडवा हात तसाच ठेवून मला विचारलं, "मॅडम, या तुमच्या कोण लागतात?"

सीताबाई बोलायला तोंड उघडत होत्या. काय म्हणणार ते मला माहीत होतं. मी जागेवरून उठले, कारण हे त्यांनी सांगायचं नव्हतं.

"माझी याडी आहे," मी म्हणाले. "येऊ द्या त्यांना."